कामाचा पोशाख कोणी ठरवावा?

पनवेल तालुक्यातील ओवे हे गाव आज खारघर नावाच्या नव्या शहराच्या पोटात आले आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली, या टापूतील शेतजमिनी संपादित झाल्या, आणि जेथे भाताचे बांध होते तेथे रुंद रस्ते व उंच इमारती उभ्या राहिल्या. ज्यांचे आजे-पणजे पहाटे उठून शेताची किंवा मिठागराची वाट धरीत, ते आज त्याच वेळी बेलापूरच्या कचेऱ्यांकडे, तळोज्याच्या कारखान्यांकडे आणि मुंबईच्या दुकानांकडे व रुग्णालयांकडे जावयास निघतात. कोणाच्या अंगात इस्त्रीचा सदरा व पायांत चामडी बूट, कोणाच्या अंगावर कारखान्याचा गणवेश, कोणी साडीत, कोणी सलवार-कमीजमध्ये, आणि बहुतेकांच्या गळ्यात ओळखपत्राची दोरी, असा हा मेळा खारघर स्थानकाकडे, किंवा नोव्हेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या बेलापूर-पेंधर मेट्रोकडे लोटत असतो. यांपैकी किती जणांनी अंगावरचा पोशाख स्वतःच्या पसंतीने निवडला असेल? प्रश्न क्षुल्लक भासेल. परंतु माणसाच्या अंगावर दिवसाचे दहा-बारा तास जी वस्तू असते, तिच्याविषयी त्याला स्वतःला कितपत बोलता येते, हा प्रश्न आमच्या मते क्षुल्लक नाही.

प्रथम जुन्या काळाकडे पाहू. आगरावर राबणारा तो आगरी, अशी या भागातील समाजाच्या नावाची उपपत्ती सांगतात. या समाजातील स्त्रिया नऊवारी लुगडे गुडघ्यापर्यंत आवळून, कासोटा घालून नेसत. चिखलात उभे राहून दिवसभर भाताची लावणी करावयाची, डोक्यावर भारे वाहावयाचे, बांधावरून तोल सांभाळीत चालावयाचे, तर पायांत घोळणारे वस्त्र काय कामाचे? पावसाळ्यात पाठीवर इरले असे. बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर पानांचा थर बसवून केलेले हे साधन डोके व पाठ झाकी आणि दोन्ही हात मोकळे ठेवी. छत्री धरून लावणी करता येत नाही, हे ज्याला कळले त्याने इरले निर्माण केले. कोणत्याही कचेरीने त्याचा हुकूम काढला नव्हता. काम, हवा व ऐपत या तिघांनी मिळून तो पोशाख ठरविला होता, आणि तो ठरविणारी माणसे ती होती, जी तो अंगावर घालीत.

या जुन्या व्यवस्थेत सर्व काही गोड होते असे मात्र कोणी समजू नये. ज्या समाजात वस्त्र कामावरून ठरे, त्याच समाजात ते जातीवरूनही ठरे. कोणी कसे नेसावे, कोणी कोणता धातू अंगावर घालावा, यांवर जातीचा पहारा असे. आपल्याच जिल्ह्यातील महाड येथे डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह परिषदेसाठी जमलेल्या स्त्रियांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो उपदेश केला, त्यात लुगडे नेसण्याची जुनी पद्धत टाकून द्यावी आणि अस्पृश्यतेची खूण म्हणून ओळखले जाणारे दागिने वापरू नयेत, ही गोष्ट मुख्य होती. पाण्याच्या हक्कासाठी आलेल्या लोकांपुढे वस्त्राचा विषय काढण्याचे कारण काय? कारण इतकेच, की माणूस तोंड उघडण्यापूर्वी त्याचे वस्त्र बोलते, आणि ज्याचे वस्त्र दुसऱ्याने ठरविलेले आहे, त्याच्याविषयीचा निकालही दुसऱ्याने आधीच देऊन ठेवलेला असतो.

याच्या उलट दिसणारे एक उदाहरण १८८८ सालचे आहे. ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली, तेव्हा महात्मा फुले तेथे शेतकऱ्याच्या साध्या वेषात गेले. उंची पोशाखांनी भरलेल्या त्या सभेत त्यांचा वेष हेच त्यांचे अर्धे भाषण होते. देशातील रयतेची खरी स्थिती पाहुण्याला कळावी, हा त्यांचा हेतू. एकाने साधा वेष मुद्दाम धारण केला, दुसऱ्याने चांगला वेष धारण करण्यास सांगितले. वरवर पाहणाऱ्याला यात विरोध दिसेल. आम्हांस दिसत नाही. दोघांनीही वस्त्राची निवड वरिष्ठांच्या हातून काढून घेतली व ती ज्याच्या अंगावर वस्त्र असते त्याच्या हाती दिली. म्हणूनच ओव्याचा एखादा तरुण, घराण्यातील पहिला कारकून, पहिल्या पगारातून पांढरा सदरा शिवून घेतो व रोज रात्री त्याला इस्त्री करतो, त्याला पाहून 'साहेबी थाट' म्हणून हसणाऱ्यांची आम्हांस कीव येते. त्या सदऱ्यात नुसता डौल नाही. मागील दोन पिढ्यांना जे दार बंद होते, त्या दारातून आत जाण्याचा तो आनंद आहे.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न नेहमीच अधिक बिकट राहिला. गोपाळ गणेश आगरकरांनी 'सुधारक' पत्रातून स्त्रियांच्या वस्त्रांविषयी लिहिले, तेव्हा त्यांच्यावर कमी टीका झाली नाही. वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी १८८३ साली अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियाच्या थंडीत महाराष्ट्रीय पद्धतीचे नऊवारी नेसणे अवघड जाऊ लागले. पोटऱ्या व कंबर उघडी राहत. शेवटी त्यांनी साडी न सोडता नेसण्याची तऱ्हा बदलली व गुजराती पद्धत स्वीकारली. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. देशाचा अभिमान, हवेची निकड आणि कामाची सोय या तिन्हींचा मेळ एका विशीच्या आतबाहेरील मुलीने परक्या मुलखात स्वतःच्या बुद्धीने घातला. जे तिला साधले, ते आमच्या आजच्या मोठमोठ्या कचेऱ्यांना का साधू नये?

कचेऱ्यांनी काय साधले आहे ते आता पाहू. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या पेहरावाविषयी परिपत्रक काढले. जीन्स व टी-शर्ट कार्यालयात वापरू नयेत, गडद रंगाचे व चित्रविचित्र नक्षीचे कपडे टाळावेत, पायांत स्लीपर नसाव्यात, स्त्रियांनी साडी, सलवार, चुडीदार-कुर्ता अशी वस्त्रे वापरावीत, आणि खादीला उत्तेजन म्हणून आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी, असा त्याचा मथितार्थ होता. पुढे मार्च २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांसाठीही तशाच सूचना दिल्या: पुरुषांनी सदरा विजारीत खोचावा, स्त्रियांनी साडी किंवा सलवार-कुर्ता वापरावा, जीन्स व टी-शर्ट नकोत.

या परिपत्रकांची सरसकट टर उडविणे आम्हांस मान्य नाही. दूरच्या खेड्यातून मोडके काम घेऊन आलेला मनुष्य कचेरीच्या मेजापुढे उभा राहतो, तेव्हा समोरचा माणूस नीटनेटका असावा, अशी त्याची अपेक्षा रास्त आहे. मळकट व अस्ताव्यस्त वेषात बसलेला कर्मचारी समोरच्याला नकळत सांगत असतो, की तुझ्यासाठी इतकी तसदी घेण्याचे मला कारण नाही. शिक्षकाचा वेषही विद्यार्थी पाहत असतात. स्वच्छता, नीटनेटकेपणा व प्रसंगाचे भान या तीन गोष्टी मागण्याचा अधिकार प्रत्येक धन्याला आहे, आणि शासन हा तर लोकांच्या पैशावर चालणारा धनी आहे.

परंतु एवढ्यावर नियम थांबत नाही, येथे आमचे भांडण आहे. जीन्सचे कापड मूळ मजुरांसाठी वापरात आले. ते टिकाऊ आहे व दोन दिवस न धुता चालते. तालुक्याच्या गावी रोज धुळीच्या रस्त्याने दुचाकीवर जाणाऱ्या कर्मचाऱ्याने ते पसंत केले, तर त्यात असभ्य ते काय? 'सभ्य' या शब्दाची व्याख्या करावयाची सोडून वस्त्रांची यादी केली, म्हणजे यादीत नसलेले सर्व असभ्य ठरते. शिवाय स्वच्छ जीन्स घालून वेळेवर हजर राहणारा मनुष्य नियमभंग करणारा ठरतो, आणि कडक इस्त्रीच्या विजारीत लोकांना चार-चार फेऱ्या मारावयास लावणारा मनुष्य नियमाप्रमाणे वागणारा ठरतो. वस्त्र मोजणे सोपे, काम मोजणे कठीण. म्हणून वरिष्ठांचा कल सोप्याकडे जातो. 'एक नूर आदमी, दस नूर कपडा' ही म्हण आमच्या लोकांच्या जिभेवर आहे खरी. पण कचेरीत लोक येतात ते त्या एका नूराकडे काम घेऊन येतात, हे विसरून चालणार नाही.

दुसरा मुद्दा हवेचा. पनवेलची हवा समुद्रकाठची, दमट. अंगाला घाम येतो, तो वाळतो, आणि वाळताना शरीराची उष्णता घेऊन जातो. शरीर थंड राहण्याची निसर्गाची युक्ती ती हीच. हवेतच ओलावा भरलेला असला म्हणजे घाम लवकर वाळत नाही, आणि त्यावर जाड किंवा कृत्रिम धाग्याचे घट्ट कापड असले म्हणजे वारा लागून वाळण्याची उरलेली सोयही जाते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर, म्हणजे ओव्याच्या उंबरठ्यावरच म्हणावयाचे, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा समारंभ भर उन्हात झाला आणि उष्माघाताने १४ माणसे मृत्युमुखी पडली. त्या दुर्दैवी प्रसंगाचे कारण पोशाख नव्हते, ऊन होते. परंतु या भूमीचे ऊन काय करू शकते, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. त्याच उन्हातून घरोघर माल विकणाऱ्या तरुणाने गळ्यात टाय आवळून फिरावे, इमारतीच्या फाटकावरील पहारेकऱ्याने दुपारी दोन वाजता जाड कापडाचा गणवेश, पट्टा व बंद बूट घालून उभे राहावे, असा आग्रह धरणारा धनी स्वतः वातानुकूलित खोलीत बसलेला असतो. पोशाखाचा नियम करणारा आणि त्याचा ताप सोसणारा एकच असता, तर असले नियम एक उन्हाळाही टिकले ना!

याला उपाय नाही असे नाही. जपानसारखा शिष्टाचारप्रिय देश घ्या. तेथे २००५ साली शासनानेच पुढाकार घेऊन उन्हाळ्यात कचेरीतील पुरुषांनी टाय व कोट उतरवून ठेवावेत, आणि वातानुकूलन २८ अंशांवर ठेवून वीज वाचवावी, अशी चळवळ सुरू केली. आपल्याकडे वकिलांच्या बार कौन्सिलनेही सर्वोच्च व उच्च न्यायालये वगळता इतर न्यायालयांत उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती ठेवलेली नाही. मे २०२० मध्ये साथीच्या काळात खुद्द सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना कोट व झगा यांपासून काही काळ मुभा दिली, तेव्हा न्यायदानाची प्रतिष्ठा तिळभरही उणावली नाही. विलायतेच्या थंडीसाठी शिवलेला कोट कोकणच्या वैशाखात उतरवून ठेवला, तर पेढीची पत का उतरावी?

तिसरा मुद्दा जिवाच्या सुरक्षिततेचा, आणि येथे मात्र आम्ही व्यक्तीच्या पसंतीला मर्यादा घालू. तळोज्याच्या कारखान्यात फिरत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याने सैल सदरा, मोकळी ओढणी किंवा लोंबणारा गमछा वापरू नये. डोक्यावर शिरस्त्राण व पायांत जाड बूट हवेत. 'मला आवडत नाही' ही सबब तेथे चालू नये, कारण यंत्राला माणसाची आवडनिवड कळत नाही. परंतु त्याबरोबर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २२ व्या कलमात चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत असे सांगितले होते, आणि ते कपडे कारखानदाराने पुरवावेत असेही तेथेच सांगितले होते. तो कायदा नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहितेत विलीन झाला असला, तरी त्यातील तत्त्व जुने होणारे नाही: पोशाखाची सक्ती ज्याची, खर्चही त्याचा.

हे तत्त्व आमच्या व्यापारी वाचकांनी जरा शांतपणे आपल्या दुकानाला लावून पाहावे. सर्व नोकरांनी एकाच रंगाचे कपडे व काळे बूट घालावेत, असा नियम आपण करता. गिऱ्हाइकाला नोकर ओळखता येतो, दुकान शोभिवंत दिसते, हे खरे. पण त्या कपड्यांचे पैसे पगारातून कापून घेतले, किंवा ते त्याचे त्याने शिवून घ्यावेत असे सांगितले, तर दुकानाच्या शोभेचा खर्च गरिबाच्या खिशातून झाला. आपल्या पाटीला रंग द्यावयाचा झाला, तर आपण नोकराकडून वर्गणी गोळा करीत नाही. मग त्याचे अंग ही आपली पाटी झाल्यावर तेवढी वर्गणी का? पावसाळ्यातील बुटांचेही तसेच. मुसळधार पावसात चिखल तुडवीत आलेला नोकर दिवसभर ओल्या चामडी बुटांत उभा राहतो, आणि पायांना चिखल्या होऊन पुढे रजा मागतो. त्याला चार महिने पावसाळी चपला वापरू दिल्या, तर गिऱ्हाईक माल न घेता परत जाईल, असे आम्हांस वाटत नाही.

आता चौथा मुद्दा, ज्याविषयी बोलण्यास आमचे लोक संकोचतात. पोशाखाचा हुकूम केवळ कचेरीतून सुटतो असे नव्हे. तो घराच्या ओटीवरूनही सुटतो. सून शिकलेली असते, नोकरीला लागते, तिच्या पगाराने घराचे हप्ते फिटतात, या सर्व गोष्टी घरास मान्य असतात. मात्र तिने साडीच नेसून जावे, हा आग्रह सुटत नाही. गर्दीच्या गाडीत चढताना साडीचा पदर व निऱ्या सांभाळणे किती जोखमीचे असते, हे तिला रोज कळते. तिची कचेरी सलवार-कमीजला हरकत घेत नाही, घर घेते. मग कोणी पिशवीत दुसरे कपडे घेऊन निघते व मैत्रिणीकडे बदलते. कोणी मुकाट्याने सोसते. ज्या घरातील आजीने कामाच्या सोयीसाठी लुगडे गुडघ्यावर आवळून घेतले होते व त्यात कोणाला काही वावगे वाटले नव्हते, त्याच घरात नातसुनेची सोय मर्यादाभंग ठरावी, हा न्याय आम्हांस उमगत नाही. आजीने आपल्या कामाला योग्य ते वस्त्र वापरले. नातसून आपल्या कामाला योग्य ते वापरू इच्छिते. परंपरा पाळावयाची असेल, तर आजीच्या लुगड्याबरोबर तिची ही समजही पाळावी. आणि उलट बाजूही तितकीच खरी आहे. ज्या स्त्रीला साडीतच मोकळे वाटते, तिला 'हे जुनाट दिसते' म्हणून परकी तऱ्हा अंगावर घ्यावयास लावणारी कचेरीही त्याच दोषास पात्र आहे.

यावर कोणी म्हणेल, की ज्याला जे आवडेल ते त्याने घालावे असे म्हटले तर शिस्त राहणार नाही, आज चपला, उद्या चड्डी. ही भीती आम्हांस अतिरंजित वाटते. आमची सामान्य माणसे लग्नाला, मर्तिकाला, देवळात व बाजारात काय घालून जावे, हे कोणाच्या परिपत्रकावाचून जाणतात. तीच माणसे कामावर जाताना एकाएकी विवेकशून्य होतील, हे कशावरून? एखाद्याने मर्यादा ओलांडलीच, तर त्याला बाजूला बोलावून सांगता येते. एकाच्या चुकीसाठी शंभरांना यादी वाचून दाखविणे, हे वरिष्ठाने बोलण्याचा कंटाळा केल्याचे लक्षण होय.

सारांश, कामाच्या पोशाखाविषयी आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. स्वच्छता व नीटनेटकेपणा सर्वांकडून घ्यावा. जेथे जिवाला धोका आहे तेथे नियम कडक करावा व त्याचा खर्च धन्याने सोसावा. जेथे ओळखीसाठी गणवेश लागतो तेथे तो हवेला मानवेल अशा कापडाचा असावा, आणि ठरविण्यापूर्वी तो घालणाऱ्या चार माणसांना, त्यांत स्त्रियांनाही, विचारावे. याखेरीज जे उरले ते ज्याच्या-त्याच्या पसंतीवर सोपवावे. घरानेही सोपवावे आणि कचेरीनेही.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेलच्या भूमीवर नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. तेथे व त्याच्या आसपास या गावांतील मुलामुलींना जी कामे मिळतील, त्यांतील पुष्कळशी कामे गणवेशाची असतील. ते गणवेश अजून शिवावयाचे आहेत तोवरच त्यांच्याविषयी बोललेले बरे. कापड फाडल्यावर शिंप्याशी वाद घालून उपयोग नसतो. पनवेलच्या व्यापारी मंडळींनी व कारखानदारांनी येत्या उन्हाळ्यापूर्वी आपल्या नोकरांना एकदा तरी विचारावे, की बाबांनो, बायांनो, या कपड्यांत तुम्हांला काम करणे सोयीचे जाते काय? उत्तर ऐकून घेण्यास पैसा पडत नाही, आणि त्या उत्तराप्रमाणे एक नियम जरी बदलला, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.